फ्लायव्हीलची तीन भोकं

काकूच्या खोलीतला पंखा कितीही जोरात लावला तरी आवाज करत नाही. त्याच्या एका पात्याच्या पाठीवर नखाएवढा शिशाचा तुकडा चिकटवलेला आहे. खालून तो दिसत नाही.

*

काका चालताना डावीकडे झुकायचे, लहानपणी मोडलेल्या पायामुळे. काकू कायम त्यांच्या डाव्या अंगाने चालायची. दोघं रस्त्याने निघाली आणि मागून पाहिलं, तर लंगडतं कोण ते पटकन कळायचं नाही.

*

हल्ली काकू कप अर्धाच भरते.

*

धडधाकट क्रँकशाफ्ट तारेने टांगून त्यावर हातोडी मारली तर तो घंटेसारखा वाजतो. तुम्ही बोलायला लागलात तरी मागे वाजतच राहतो. चीर गेलेला क्रँक एकदाच वाजतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा, आणि गप्प होतो.

*

चार सिलिंडरचं इंजिन एक, दोन, तीन, चार असं पेटत नाही. एक, तीन, चार, दोन असं पेटतं. क्रँकच्या घडणीतच ते आहे. दोनची पाळी शेवटी येते.

एक

काकांच्या गाडीचा क्रँक ओल्या लाकडासारखा वाजला.

मी तार फिरवली, दुसऱ्या बाजूने मारलं. तसाच. खिडकीपाशी स्टुलावर काकू बसली होती. उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा हात, जसं पिशवीतलं मांजर बाहेर येऊ नये म्हणून कोणी दाबून धरावं. उजवा हात रिकामा असला की थरथरतो. काका गेले त्याच्या आधीपासून थोडा, गेल्यानंतर जास्त.

"चीर आहे," मी म्हटलं.

"ऐकलं. हात गेलाय माझा, कान नाही."

ज्यांनी क्रँकशाफ्ट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोपरं काढून बसलेला लोखंडी दांडा. पिस्टन वरखाली करतात, ते वरखाली करणं क्रँक गोल करून देतो आणि ते गोल फिरणं पुढे गाडीच्या चाकांना जातं. त्याच्या मागच्या टोकाला ताटाएवढं एक जड चाक बोल्टांनी आवळलेलं असतं, ते फ्लायव्हील. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात फिरणं मोडू न देणं एवढंच त्याचं काम. इंजिनात क्रँकइतकं वेडंवाकडं दुसरं काही नसतं, आणि सगळ्यात सरळ फिरायचं असतं ते त्यालाच. त्याची एक बाजू सुपारीएवढी जरी जड राहिली तरी वेगात ती हातोडा होते, आणि इंजिन स्वतःलाच ठोकत बसतं.

आमचा धंदा ती सुपारी शोधायचा. म्हणजे काकूचा. शेडच्या मध्यभागी तोलाचं मशीन आहे, काकूच्या वडिलांनी बसवलेलं. पंख्यांची पाती, पंपांचे फिरते भाग, चक्क्यांचे दांडे, क्रँक, जे जे फिरतं ते इथे येतं आणि मुकाट होऊन परत जातं. काका शेजारच्या खोलीत इंजिनं बांधायचे. मी आधी त्यांच्या हाताखाली होते, मग काकूच्या. आता काकांची खोली बंद आहे, आणि काकांची गाडी मागच्या अंगणात आहे. तिचं इंजिन मी उतरवून शेडमध्ये आणलं होतं.

दुसरा क्रँक भंगारवाल्याने शोधला. मी त्याला मामा म्हणते, काकू भावजी म्हणते, कारण तो काकांचा मित्र. त्याच घराण्यातल्या पुढच्या मॉडेलचा क्रँक, गोणपाटात गुंडाळून, बाळ आणावं तसा दोन्ही हातांवर घेऊन आला.

"घ्या, इंजिनीअरीणबाई. बसेल का हा?"

"बसत काहीच नाही मामा, बसवावं लागतं."

"हे काकांचं वाक्य."

"मग कोणाचं असणार?"

तो हसला, पण लगेच काकूकडे वळला, कारण काकूने घसा साफ केला होता.

"भावजी, ट्रक रिकामा ठेवा. क्रँक बदलून इंजिन धड चाललं तर ठीक. नाही चाललं तर गाडी घेऊन जा." मग मशीनकडे न बघता म्हणाली, "आणि हेसुद्धा."

"मशीन?" मामा म्हणाला. "वहिनी, हे मशीन भंगारात घालायचं म्हणजे..."

"तोल बघणाऱ्या बाईचा हातच डुलतोय. गिऱ्हाईक क्रँककडे बघत नाही आता, माझ्या हाताकडे बघतं."

"आणि मी?" मी म्हटलं. "मी काय इथे शोभेला आहे?"

"तू शेवटचा काटा माझ्याकडे बघून वाचतेस. हो म्हणू नकोस, मला दिसतं. बाण शून्यावर आला की तू आधी माझं तोंड बघतेस." ते खरं होतं. "हा एक क्रँक एकटीने कर. मी हात लावणार नाही, तोंड उघडणार नाही. जमलं तर मशीन तुझं, मी स्टुलावर बसून फक्त नावं ठेवीन. नाही जमलं तर उगाच ओढत नको बसूया."

"जमलं की नाही हे कोण ठरवणार?"

"कप ठरवेल," काकू म्हणाली.

कपाची परीक्षा काकांची. इंजिन बांधून झालं की ते लोखंडी घोडीवर चालू करायचे, त्याच्या वरच्या झाकणावर चहाचा काठोकाठ भरलेला कप ठेवायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभे राहायचे. थेंब सांडला तर इंजिन परत खोलायचे. नाही सांडला तर तो चहा गिऱ्हाइकाने प्यायचा.

तीन

क्रँक आधी घासून आणला, त्याच्या गुळगुळीत जागा नव्या बेअरिंगच्या मापाला आणल्या. मग मशीनवर चढवला. दोन्ही टोकं रोलरवर, मध्ये पट्टा. क्रँकच्या टोकाला गोलाकार आकड्यांची पट्टी चिकटवली, घड्याळासारखी. दिवा लावला आणि शेडमधले बाकीचे दिवे घालवले.

हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तरी प्रत्येक वेळी माझा श्वास थोडा उशिरा येतो.

पट्टा फिरतो, क्रँक फिरायला लागतो. आधी त्याची कोपरं दिसतात, मग कोपरांची धूसर पिंपं होतात, मग नुसता करडा धूर. वारा लागतो तोंडाला. आणि मग मशीनचा दिवा त्या फिरण्याशी जुळतो. प्रत्येक फेरीला एकदाच लुकलुकतो, नेमका त्याच क्षणी, आणि धुरातून क्रँक परत उभा राहतो. स्थिर. जसा टेबलावर ठेवला होता तसा. त्याच्यावरचा ग्राइंडिंगचा ओरखडा दिसतो. पट्टीवरचा आकडा वाचता येतो. कानाला कळत असतं की ते लोखंड बेफाम फिरतंय, आणि डोळा शपथेवर सांगत असतो की नाही, ते झोपलंय.

लहानपणी काकूने माझा हात मागे ओढला होता ते इथेच. मी त्या झोपलेल्या लोखंडाला हात लावायला निघाले होते. "डोळ्यावर विश्वास ठेवशील तर बोटं मोजावी लागतील," ती म्हणाली होती.

वर जो आकडा दिसतो, तिथे जड बाजू. काटा सांगतो किती जड. मशीन थांबवायचं, त्या आकड्याखाली खडूने फुली मारायची, फुलीवर ड्रिल. लोखंडाचे कुरळे केस निघतात, गरम. मग परत दिवा. एक टोक जुळवलं की दुसरं रुसतं. दुसरं समजावलं की पहिलं थोडं सरकतं. सकाळभर हेच.

मला कोणी विचारलं की तू काय करतेस, तर मी सांगते, भोकं पाडते. पण मला मनातून वाटतं ते वेगळंच आहे. प्रत्येक फिरत्या वस्तूच्या आत एक रेघ असते, तिच्याभोवती त्या वस्तूला फिरायचं असतं. ती रेघ दिसत नाही, तिला जाडी नाही, ती लोखंडातून जाते तशी हवेतूनही जाते. क्रँकसारख्या वेड्यावाकड्या वस्तूची रेघ तर बऱ्याच ठिकाणी लोखंडाच्या बाहेरच असते. आपण एक चिमूट लोखंड काढतो आणि ती रेघ केसभर सरकते. तिला बेअरिंगच्या मधोमध आणून ठेवायचं. नसलेल्या गोष्टीला जागेवर आणून बसवायचं. काकू हे आयुष्यभर करत आलीय आणि संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासत आलीय.

काटा शून्यावर आला. दोन्ही टोकांना.

मी काकूकडे बघितलं नाही. मान आखडली, पण नाही बघितलं.

प्रत्येक भोकाच्या कडेवरून मोठं ड्रिल हलकेच टेकवून तिची धार मारली, म्हणजे बोथट केली. हे काकूचं वळण. धार राहिली की पुढे कधीतरी कोणाचं तरी बोट कापतं, आणि ते बोट कोणाचं हे आपल्याला कळतही नाही, असं ती म्हणते. इतर कोणी कारागीर हे करत नाही.

मग इंजिन बांधलं. क्रँक बसवला, पिस्टन टांगले, झाकणं आवळली. फळीवरून काकांचं जुनं फ्लायव्हील काढलं, पुसलं, क्रँकच्या मागे बोल्टांनी बसवलं. त्याच्यावर एका जागी बारीक टिंब ठोकलेलं होतं. हे कशाचं, असं वाटलं आणि विसरले. काकू स्टुलावर गप्प होती. तिची गप्प बसायची अट तिने इतकी पाळली की मी पाणी हवं का विचारलं तरी नुसती मान हलवली.

चार

मामा ट्रक घेऊन आला तेव्हा इंजिन घोडीवर तयार होतं. शेडच्या दारात ट्रक उलटा लावून तो दोरखंड खांद्यावर टाकून उभा राहिला.

"दोर सोडू की गुंडाळू?"

"गुंडाळा," मी म्हटलं आणि किल्ली फिरवली.

पेटलं. एक, तीन, चार, दोन. आवाज गोड. मी वेग वाढवला आणि झाकणावर ठेवलेला पाना उडून खाली पडला. मग घोडीचे पाय फरशीवर वाजायला लागले. मग घोडी चालायला लागली. इंजिन, घोडी, पाइप, सगळं मिळून मामाच्या दिशेने, रागावलेल्या जनावरासारखं, एकेक पाय टाकत.

"अगं ए, अगं बंद कर!" मामा दोरखंडासकट मागे सरकला.

बंद केलं. कप भरायचाही प्रश्न आला नव्हता.

ट्रकचा दरवाजा वाऱ्याने कुरकुरला. मी काकूकडे बघितलं, आणि या वेळी मान आखडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. डाव्या हाताखालचा उजवा हात डाव्यालाही हलवत होता.

"काकू, काटा शून्यावर होता. तू पाहिलास. बोल ना."



"वहिनी, निदान एवढं तरी..." मामा म्हणाला. काकूने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोरखंड दुसऱ्या खांद्यावर घेऊन ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला.

मी घोडीपाशी जमिनीवर बसले. क्रँक बरोबर होता, हे मला माहीत होतं. म्हणजे माझं काम चुकलेलं नव्हतं आणि इंजिन मात्र चुकलेलं होतं. मग क्रँकबरोबर फिरतं असं काय आहे, जे मी दिव्याखाली धरलंच नाही? पुढची पुली, हलकी, पत्र्याची. आणि मागे चाक.

बोल्ट काढले, फ्लायव्हील उतरवलं, जाड दांड्यावर चढवून मशीनवर ठेवलं. दिवे घालवले. पट्टा फिरला आणि काटा थेट शेवटच्या खुंटीला जाऊन आदळला. एका बाजूला इतकं जड काही मी आजवर मशीनवर पाहिलं नव्हतं.

मशीन थांबवून चाक उलटं केलं. मागच्या अंगाला, कडेजवळ, एकाला एक लागून तीन मोठी भोकं. मला वाटलं होतं ती कारखान्यातली. बोट फिरवलं. तिन्ही भोकांच्या कडांची धार मारलेली होती. बोट कापलं नाही.

"काकू," मी म्हटलं, "ही भोकं तू पाडलीस."

काकू स्टुलावरून उतरली. अट मोडून, हळूहळू चालत मशीनपाशी आली. काका गेल्यापासून ती मशीनच्या इतक्या जवळ आली नव्हती. चाकाकडे बघत राहिली.

"मला वाटलं तुला दिसतील," ती म्हणाली. मग तिने डोकं हलवलं. "खोटं बोलतेय. मीच विसरले होते. त्याचा तो जुना क्रँक होता ना, तो मुळातच वाकडा ओतलेला. जड बाजूला कापायला लोखंडच शिल्लक नव्हतं. मग तो जिथे जड तिथे चाक हलकं केलं. टिंब ठोकलं, त्याच जागी बसवायचं म्हणून. दोघं मिळून सरळ फिरायचे. मी त्यांना कधी वेगळं पाहिलंच नाही गं."

ट्रकच्या पायरीवरून मामा उठून आत आला होता. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे वाकडा गेला," काकू म्हणाली, "आणि त्याच्यासाठी वाकडं केलेलं मागे राहिलं."

मशीनची मोटर थंड होताना टिकटिकत होती.

"दोन रस्ते आहेत," मी म्हटलं. "नव्या क्रँकला तशीच खोट लावते, जुन्यासारखी. मग चाक आहे तसं राहील. तुमची भोकं राहतील. किंवा..."

"चांगल्या क्रँकला खोट लावणार?" काकूचा आवाज एकदम नेहमीचा झाला. "हेच शिकवलं का मी? चाक भर."

"काकू, नक्की?"

"लोखंडाचे खुंटे कर, आटे पाड, पिळून बसव, वरून ठोक. आणि नक्की बिक्की मला विचारू नकोस, मशीन कोणाचं आहे ते अजून ठरायचंय."

मी खुंटे केले. मामाने न सांगता चाक धरून ठेवलं. एक भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरताना काकू खिडकीकडे बघत होती. मग चाक परत दांड्यावर, दिवे बंद, पट्टा सुरू.

करडा धूर. वारा. मग दिवा जुळला आणि चाक थांबलं. थांबलं नव्हतं, पण थांबलं. त्याच्या कडेला तीन नवे खुंटे चमकत होते, अगदी जागच्या जागी, आणि त्यांच्याभोवतीची हवा ओरडत होती.

मामाने आयुष्यभर लोखंड फक्त वजनावर घेतलं होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "हे फिरतंय?" तो कुजबुजला.

"हात लावू नका," काकू आणि मी एकदम म्हणालो.

काटा शून्याच्या जवळ होता, शून्यावर नव्हता. मी मशीन थांबवलं, आकडा लक्षात ठेवला, खडू शोधायला वळले. खडू काकूच्या हातात होता. उजव्या. हवेत खडू थरथरत होता, इतका की त्याची भुकटी पडत होती. मी काही बोलणार होते. मग खडू लोखंडाला टेकला.

आणि हात थांबला.

दिव्याखाली चाक थांबतं तसा नाही. खरोखर थांबला. तिने फुली मारली, दोन सरळ रेघा, एकमेकींना बरोबर मध्यावर कापणाऱ्या, आणि खडू उचलला. उचलल्याबरोबर हात परत थरथरायला लागला. आम्ही तिघंही त्या फुलीकडे बघत होतो. मला असं वाटलं की ती न दिसणारी रेघ या शेडमध्ये आत्ता कुठूनतरी जाते आहे, आणि त्या क्षणापुरता काकूचा हात तिच्यावर टेकला होता.

"बघत काय बसलीस? ड्रिल मार," काकू म्हणाली. "आणि कडेची धार मार."

काटा शून्यावर आला. चाक चढवलं, बोल्ट आवळले, किल्ली फिरवली.

एक, तीन, चार, दोन. घोडी जागेवर. मी वेग वाढवला, घोडी जागेवर. काकूने किटली आणली. रिकामा कप आधी झाकणावर ठेवला, चालू इंजिनावर, आणि मग त्यात ओतायला लागली. किटलीची चोच कपाच्या काठावर टकटक वाजत होती. कप हलत नव्हता, चोच हलत होती. चार थेंब बाहेर पडले, गरम झाकणावर चुरचुरले. सांडले ते तेवढेच, आणि ते काकूचे.

कप काठोकाठ भरला.

चहावर लहरींची कडी होती, एकात एक, बारीक, तबकडीवर कोरल्यासारखी. ती हलत नव्हती. खाली इंजिनात चार आगी पाळीपाळीने पेटत होत्या, चार पिस्टन वरून खाली कोसळत होते, आणि वर ती कडी नुसती उभी होती. मी वेग आणखी थोडा वाढवला. कडी बारीक होत होत मिटली. चहा सपाट झाला आणि त्यात खिडकी दिसली, चौकटीसकट, बाहेरच्या आभाळासकट.

किती वेळ आम्ही त्या कपात बघत होतो, सांगता येणार नाही.

"हा प्यायचा कोणी?" शेवटी मामाने विचारलं.

"ज्याचा ट्रक रिकामा जाणार त्याने."

"साखर?"

"चहा प्या भावजी, नाहीतर तोलाला लावीन तुम्हाला. पोट पुढे आहे."

तो प्यायला. मग काकूने कोपऱ्यातल्या जुन्या क्रँककडे बोट दाखवलं. "रिकामा कशाला जाताय? तो घेऊन जा."

मामाचा कप हातातच राहिला. "वहिनी, तो राहू दे की. जागा थोडीच..."

"त्याने पुष्कळ केलं," काकू म्हणाली. "आता वितळू दे त्याला."

मामाने क्रँक गोणपाटात गुंडाळला आणि दोन्ही हातांवर घेऊन बाहेर नेला. काकूने खडू माझ्या खिशात टाकला. तो संपत आला होता. "नवे आणायचे बघ. आता तेसुद्धा तूच आणायचेस."

मी इंजिन बंद केलं. ते दोन फेऱ्या आणखी फिरलं, आवाज न करता, आणि थांबलं.

दोन

फ्लायव्हीलची तीन भोकं पाडून झाली, कडांची धार मारून झाली, टिंब ठोकून झालं, तेव्हा काकूने त्या लंगडत आलेल्या गिऱ्हाइकाला नाव विचारलं.